ओला हीटर कोरडा केव्हा म्हणायचा?

पूर ओसरल्यावर प्रयोगशाळेचे दार उघडले की पहिली धाव काचसामानाकडे आणि रसायनांच्या कपाटाकडे जाते. हीटिंग मँटल, हॉट प्लेट, वॉटर बाथ, ओव्हन, मफल फर्नेस यांची पाळी नंतर येते, आणि त्यांचा निकाल तीन शब्दांत लागतो: पुसा, वाळवा, लावा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात किंवा जुलै २०२१ मध्ये चिपळुणात आला तसा पूर आला, तर तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतले काहीच सुटत नाही. पण उपकरण भिजायला पूरच यावा लागतो असे नाही. मँटलमध्ये फ्लास्क तडकतो, रात्रभर नळ चालू राहतो, स्लॅब गळतो, कंडेन्सरची नळी निसटते. प्रसंग कोणताही असो, ‘हात लावून कोरडे लागले म्हणजे कोरडे’ ही आपली कसोटी बदलत नाही. तापवणाऱ्या उपकरणाच्या बाबतीत ही कसोटी निरुपयोगी आहे. ते कोरडे झाले की नाही हे मेगरवरचा, म्हणजे इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा सांगतो, आणि तो आकडा हाती येईपर्यंत त्याची पिन २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये जाता कामा नये.

याचे कारण या उपकरणांच्या बांधणीत आहे. वॉटर बाथमध्ये किंवा ओव्हनमध्ये जो नळीसारखा एलिमेंट असतो, त्याच्या धातूच्या आवरणात मधोमध नायक्रोमची गुंडाळी असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून भरलेली असते. ही भुकटी उष्णता चटकन वाहून नेते आणि वीज अडवते, म्हणून तिची निवड झाली. मात्र ती ओलावा शोषते. एलिमेंटची टोके जिथे बाहेर येतात तिथल्या सीलमधून पाणीच काय, पावसाळी हवेतली वाफही हळूहळू आत जाते. मँटलमध्ये नायक्रोमची तार काचतंतूंच्या विणलेल्या कापडात गुंतवलेली असते आणि ते कापड समईच्या वातीसारखे द्रव ओढून घेते. वरचा थर वाळला तरी तारेला चिकटलेला थर ओला राहू शकतो. ओव्हनच्या दोन पत्र्यांमधली काचलोकर आणि मफल फर्नेसच्या विटा यांचेही तसेच. बाहेरून पुसता येतो तो पत्रा. वीज अडवण्याचे काम करणारा भाग पुसता येत नाही, दिसतही नाही.

आता यावरचा सर्वांत जुना आणि सर्वांत पटण्यासारखा आक्षेप पाहू. हीटरच आहे तो, चालू केला की स्वतःच्याच उष्णतेने स्वतःला वाळवील, मग एवढा खटाटोप कशाला? या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. ओलावा शिरलेला एलिमेंट हलक्या उष्णतेने वाळवून पुन्हा वापरात आणणे ही मान्य पद्धत आहे. अडचण आहे ती ‘चालू केला की’ या शब्दांत. पूर्ण दाबावर १००० वॉटचा एलिमेंट काही क्षणांत शंभर अंशांच्या पुढे जातो. आत अडकलेल्या पाण्याची वाफ मूळ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा मागते आणि बाहेर पडायला वाट अरुंद असते. त्यामुळे आवरण फुगते, सील उडते, फर्नेसची वीट तडकते. त्याच वेळी ओल्या भुकटीतून किंवा कापडातून बॉडीकडे वीज वाहू लागते. जिथून ती वाहते तिथे ठिणग्यांनी काळी वाट पडली, तर पुढे सगळे वाळले तरी ती वाट विजेला रस्ता देतच राहते. म्हणजे वाळवायचे काम सुरू होण्याआधीच इन्सुलेशन कायमचे खराब होऊ शकते. स्वतःच्या उष्णतेने वाळवणे ही शेवटून दुसरी पायरी आहे. लोक तिला पहिली करतात.

खरी पहिली पायरी वीज तोडण्याची. ओल्या फरशीवर उभे राहून प्लग उपसू नये. आधी त्या खोलीचा पुरवठा मुख्य बोर्डावरून, कोरड्या जागी उभे राहून बंद करावा, आणि बोर्डच भिजला असेल तर वायरमन येईपर्यंत वाट पाहावी. उपकरणावरचा स्विच बंद आहे यावर विसंबू नये. तो बहुधा एकच तार तोडतो. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील, आणि जुन्या इमारतींत ते बऱ्याचदा असतात, तर स्विच बंद असतानाही आतला एलिमेंट फेजवरच असतो. प्लग बाहेर काढून वायर गुंडाळून बांधावी आणि वर ‘ओले आहे, लावू नका’ अशी चिठ्ठी लावावी. ही चिठ्ठी सर्वांत स्वस्त सुरक्षासाधन आहे. प्रॅक्टिकलच्या घाईत शेजारच्या टेबलावरून उपकरण उचलून नेणाऱ्याला ते काल भिजले होते हे ठाऊक नसते.

दुसरा प्रश्न, भिजले ते कशाने? साधे पाणी ही यातली सौम्य बाब. मँटलमध्ये ईथर, ॲसिटोन किंवा अल्कोहोल सांडले असेल तर त्याला कोणत्याही उष्णतेजवळ नेणे म्हणजे आगीला बोलावणे. ईथरची वाफ शून्याखाली ४५ अंशांनाही ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि मँटलमधल्या रेग्युलेटरचे संपर्कबिंदू उघडझाप करताना ठिणगी पडते. असे मँटल फ्यूम हूडमध्ये, वीज न जोडता, नुसत्या हवेच्या ओढीवर दीर्घकाळ ठेवायचे. ओव्हनमध्ये टाकून वाळवायचे नाही. तीव्र आम्ल नायक्रोमला खाते आणि अल्कली काचतंतूंना, त्यामुळे अशा द्रवात मुरलेले मँटल भंगारात काढणेच शहाणपणाचे. परक्लोरिक आम्ल सांडले असेल तर तो निर्णय त्याच क्षणी व्हावा, कारण सेंद्रिय पदार्थांबरोबर ते स्फोटक ठरू शकते. ओव्हनमध्ये पाऱ्याचा थर्मामीटर फुटला असेल तर तो ओव्हन गरम करण्याचा विचारच सोडावा. पाऱ्याची वाफ खोलीभर पसरते आणि दिसत नाही. खूप जुन्या ओव्हनमध्ये आणि फर्नेसमध्ये ॲस्बेस्टॉसचे पत्रे, दोर किंवा तारेवरचे वेष्टन असू शकते. ते असल्याचा संशय आला तरी खरवडणे, झटकणे, ब्लोअरने फुंकणे टाळावे.

पुराचे पाणी शिरले असेल तर वाळवण्याआधी धुवावे लागते, आणि ही गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. भिजलेल्या वस्तूवर आणखी पाणी कशाला? कारण असे की शुद्ध पाणी वीज फारशी वाहू देत नाही. वाहू देतात ते त्यात विरघळलेले क्षार, आणि पुराच्या पाण्यात क्षार, गाळ, सांडपाणी सगळेच असते. पाणी उडून जाते, क्षार जागेवर राहतात. त्यातले काही, विशेषतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्लोराइड, हवेतला ओलावा पुन्हा खेचून घेतात. म्हणून न धुता वाळवलेला ओव्हन उन्हाळ्यात नीट चालतो आणि पुढच्या आषाढात शॉक देऊ लागतो. पत्र्याचे भाग, टर्मिनल, पोर्सिलेनचे मणी आधी स्वच्छ नळाच्या पाण्याने आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुवावेत. गाळात बुडालेली काचलोकर मात्र धुवून सुधारत नाही. ती काढून नवी भरणे हाच मार्ग. मँटलचे कापड केवळ स्वच्छ पाण्याने भिजले असेल तर धुण्याची गरज नाही. मिठासारखा साधा क्षार सांडला असेल आणि उत्पादकाच्या पुस्तिकेत मनाई नसेल, तरच डिस्टिल्ड पाण्याने बेताने विसळून उपडे टांगावे.

वाळवण्यात घाई उष्णतेची करायची नाही, हवेची करायची. भर पावसाळ्यात कोकणातल्या हवेत आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेत पंख्याखाली ठेवलेले उपकरण एका टप्प्यानंतर वाळायचे थांबते, कारण हवाच आणखी ओलावा घेत नाही. हवा थोडी गरम केली की तिची ओलावा घेण्याची ताकद वाढते. म्हणून ५० ते ६० अंश तापमानाची, सतत वाहती हवा हा उत्तम उपाय आहे. दुसरा चांगला ओव्हन असेल तर झरोका उघडा ठेवून त्यात, नसेल तर बंदिस्त खोक्याला दोन बाजूंनी भोके ठेवून बाहेरून हलका ब्लोअर, तोही कोणी हजर असतानाच. ६० ही मर्यादा मनाला येईल तशी धरलेली नाही. आतल्या साध्या पीव्हीसी वायरी ७० अंशांपर्यंतच्या असतात. पेंट उडवायची हीट गन काही सेकंदांत त्यांचे वेष्टन मऊ करते, तेव्हा ती या कामात नको. तांदळात पुरून ठेवण्याचा उपाय मोबाइलसाठीही संशयास्पद आहे, इथे तर त्याचा विचारही नको. पाणी हटवणारे तेलकट फवारेही नकोत. त्यांचा थर मागे राहतो आणि एलिमेंट तापला की धुमसतो. वेळ किती लागेल? एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट उष्णता लागते. ओव्हनच्या भिंतीत तीन लिटर पाणी मुरले असेल तर जवळपास दोन युनिट उष्णता आत पोहोचवायची आहे, तीही मंद वाऱ्याने. मँटलला एखाददुसरा दिवस पुरेल, ओव्हनला आठवडा लागला तरी नवल नाही. पत्रे उघडून ठेवले तर हा वेळ बराच कमी होतो, पण उघडणे हे काम परवानाधारक वायरमनचे किंवा उपकरण दुरुस्त करणाऱ्याचे.

आता मोजमाप. प्रयोगशाळेत हाताशी असतो तो मल्टिमीटर, आणि तो इथे फसवतो. तो रेझिस्टन्स मोजताना जेमतेम काही व्होल्ट लावतो. ओलसर इन्सुलेशन एवढ्या कमी दाबाला दाद देत नाही, पण २३० व्होल्टपुढे शरण जाते. मल्टिमीटरचे काम एवढेच की एलिमेंट तुटलेला नाही हे पाहावे (१००० वॉटचा एलिमेंट सुमारे ५३ ओहम दाखवतो, ३०० वॉटचे मँटल सुमारे १७६) आणि प्लगच्या अर्थ पिनेपासून बॉडीपर्यंतची जोड अखंड आहे याची खात्री करावी. दुसरे लाडके साधन म्हणजे उपकरणाच्या ओळीत जोडायचा सिरीज दिवा. दिवा लागला नाही म्हणजे लीकेज नाही, असे अनुभवी वायरमनही म्हणतात. हा समज घातक आहे. १०० वॉटचा दिवा मिणमिणायलाही जेवढा प्रवाह लागतो, त्यापेक्षा कितीतरी कमी प्रवाहाने माणूस दगावू शकतो. तीस मिलिअँपिअर बॉडीतून गळत असतील तरी तो दिवा काळाच राहतो. सिरीज दिवा थेट शॉर्ट दाखवतो, ओल दाखवत नाही.

म्हणून मेगर हवा, ५०० व्होल्ट डीसीचा. कंट्रोलर, थर्मोस्टॅटचे इलेक्ट्रॉनिक कार्ड, ट्रायॅक हे सगळे आधी सुटे करावेत, नाहीतर मेगरच त्यांना मारतो. एलिमेंटची दोन्ही टोके एकत्र जोडून ती आणि बॉडी यांच्यामध्ये मिनिटभर दाब द्यावा आणि आकडा लिहून ठेवावा. किमान १ मेगओहम ही रुळलेली मर्यादा आहे आणि तिच्यामागचा हिशेब सोपा आहे. १ मेगओहमला २३० व्होल्टवर पाव मिलिअँपिअरहूनही कमी गळती होते. तोच आकडा १० किलोओहमवर आला तर गळती २३ मिलिअँपिअर, आणि साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे माणसाला पकडलेली वस्तू सोडता येईनाशी होते. एकाच आकड्यावर मात्र समाधान मानू नये. वाळवायला सुरुवात केली की आकडा वाढण्याऐवजी आधी घसरतो, आणि इथेच पुष्कळ जण उपकरण बिघडले म्हणून सोडून देतात. एकतर गरम इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मुळातच कमी असतो, आणि दुसरे म्हणजे आत साचलेला ओलावा उष्णतेने पसरून बाहेरच्या वाटेला लागतो. नंतर आकडा चढू लागतो आणि शेवटी एका पातळीवर स्थिरावतो. तो स्थिरावणे हे वाळल्याचे लक्षण. मोजमाप दर वेळी एकाच तापमानाला, शक्यतो उपकरण थंड झाल्यावर घ्यावे, नाहीतर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. आणि दोन दिवस नुसते ठेवून पुन्हा मोजावे. तेव्हा आकडा कोसळला तर क्षार आत राहिले आहेत, परत धुण्याकडे वळा.

‘आमच्याकडे आरसीसीबी आहे, गळती झाली तर ट्रिप होईल’ हा दुसरा आक्षेप. आरसीसीबी असायलाच हवा, पण तो परीक्षक नाही. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने १५ मिलिअँपिअरपर्यंत ट्रिप होऊ नये अशीच अपेक्षा असते. म्हणजे १० ते १५ मिलिअँपिअरची गळती तो निमूटपणे चालू ठेवू शकतो, आणि हाताला पकडून ठेवायला तेवढी पुरते. सॉकेटमध्ये अर्थिंग नसेल तर गळती जमिनीत जायला वाटच नसते, मग ती वाट मिळते ती पहिल्यांदा बॉडीला हात लावणाऱ्या माणसातून. आरसीसीबी तेव्हा ट्रिप होईल, पण धक्का बसल्यावर. शिवाय तो स्वतःच पुरात बुडालेला असेल तर त्याच्यावर भरवसा ठेवायला जागा उरत नाही. बुडालेले आरसीसीबी, एमसीबी आणि फ्यूज धुवून वाळवू नयेत, बदलावेत. अमेरिकेतली नेमा ही विद्युत उपकरण उत्पादकांची संघटनाही बुडालेल्या ब्रेकरबद्दल हेच सांगते. आतल्या स्प्रिंगा आणि संपर्कबिंदू गंजले की ते साधन बाहेरून चांगले दिसत राहते आणि नेमक्या वेळी हलत नाही.

मेगरने १ मेगओहम ओलांडले की स्वतःच्या उष्णतेची पाळी येते, आणि तीही दमादमाने. इथे बहुतेक जण डिमरस्टॅट पुढे ओढतात. त्याचा एक दोष लक्षात ठेवायला हवा. डिमरस्टॅट हा ऑटोट्रान्सफॉर्मर आहे, तो मुख्य लाइनपासून उपकरण वेगळे करत नाही. मीटर २० व्होल्ट दाखवत असला तरी फेज-न्यूट्रल उलटे असल्यास एलिमेंट जमिनीच्या तुलनेत दोनशेहून जास्त व्होल्टवर असू शकतो. त्यापेक्षा २४ व्होल्टचा, प्राथमिक आणि दुय्यम गुंडाळी वेगळी असलेला सुरक्षा ट्रान्सफॉर्मर चांगला. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते, त्यामुळे १००० वॉटचा एलिमेंट २४ व्होल्टवर जेमतेम ११ वॉट देतो. एवढ्यात तो कोमट होतो, वाफेचा दाब तयार होत नाही आणि चुकून हात लागला तरी धोका नगण्य. ‘हीटर स्वतःला वाळवतो’ हे म्हणणे खरे ठरते ते या ११ वॉटवर. काही तास असे ठेवून, थंड करून, मेगर पुन्हा. आकडा वाढला असेल तरच पूर्ण दाब, आणि तोही नॉब सर्वांत खाली ठेवून, बॉडी अर्थ असल्याची खात्री करून, चालू असलेल्या आरसीसीबीमागून.

मफल फर्नेसला यापेक्षा अधिक संयम लागतो. विटा आणि सिरॅमिक फायबर पाणी पितात आणि ते सहज सोडत नाहीत. दार किंचित उघडे ठेवून आधी काही दिवस नुसती हवा, मग १०० ते ११० अंशांवर काही तास. दाराच्या फटीजवळ थंड काचेची पट्टी धरावी. तिच्यावर वाफ धरत असेल तोवर पुढे जायचे नाही. नंतर २०० ते २५० अंश, पुन्हा थांबा, मग ३५०च्या आसपास पुन्हा थांबा. कँथलची तार एकदा उच्च तापमानाला चढून गेलेली असली की थंड अवस्थेत ठिसूळ असते. वाळवताना तिला सरळ करायला, ओढायला जाऊ नये. वापरून जुना झालेला सिरॅमिक फायबर हाताळताना मास्क घालावा. हजार अंशांच्या पुढे तापलेल्या फायबरमध्ये क्रिस्टोबलाइट तयार होते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

कंट्रोलर हा स्वतंत्र विषय आहे, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. ट्रायॅक किंवा सॉलिड स्टेट रिले खराब होतो तेव्हा तो बहुधा बंद पडत नाही, चालूच राहतो. म्हणजे नॉब शून्यावर आणि एलिमेंट पूर्ण लाल. एलिमेंट सुस्थितीत असूनही असे मँटल आग लावू शकते. म्हणून दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी रिकाम्या उपकरणाची असावी, जवळ ज्वलनशील काही नसावे, कोणीतरी सतत समोर असावे, आणि ठरवलेल्या तापमानाला ते खरोखर थांबते का हे वेगळ्या थर्मामीटरने तपासावे.

शेवटचा आक्षेप पैशांचा. एवढ्या मेहनतीत नवे मँटल येईल. अगदी खरे, आणि छोट्या मँटलबाबत माझेही मत तेच आहे: कापड काळे पडले असेल, तार उघडी दिसत असेल, कशाने भिजले ते कळत नसेल, तर वेळ घालवू नये. ओव्हन आणि फर्नेस यांचा हिशेब वेगळा, कारण तिथे शरीर महाग आणि एलिमेंट स्वस्त असतो. अनुदानित महाविद्यालयात अडते ते डेडस्टॉक रजिस्टरवर. निर्लेखनाची फाइल महिनोन्महिने हलत नाही, तोवर ‘चालते का बघू’ म्हणून नादुरुस्त उपकरण टेबलावर परत येते. यावर उपाय साधा आहे. टाकाऊ ठरलेल्या उपकरणाची वायर मुळापासून कापून टाकावी, रजिस्टरात ‘वायर कापली’ अशी नोंद करावी आणि मग फाइल हवी तेवढी फिरू द्यावी. जे उपकरण वाचले त्याच्या अंगावर मेगरचा शेवटचा आकडा आणि तारीख लिहिलेली चिकटपट्टी लावावी. पावसाळ्यात महिनाभर न वापरलेले असेल तर, पूर आलेला नसतानाही, प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी तो आकडा पुन्हा घ्यावा.